मुलुंडला पाहिलेला खेळ

आमच्या वर्गात नवा खेळ यायचा तो कुणातरी मुलीबरोबर. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपली की परगावी जाऊन आलेल्या मुलींभोवती पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत घोळका व्हायचा. बार्शीला आजोळ असलेल्या एकीनं पत्त्यांचा एक डाव आणला होता, तो आम्ही वर्षभर बाकाखाली लपून खेळलो. केमला मामाकडं जाणाऱ्या दुसरीनं चिंचोक्यांचा एक खेळ आणला होता. जिनं खेळ आणला तिला पहिला डाव मिळायचा, आणि भांडण झालं तर तिनं सांगितलेला नियम खरा. असा मान वर्गात पहिल्या नंबरालाही नव्हता.

मी कधीच काही आणलं नव्हतं. माझ्या वडिलांचं भुसाराचं दुकान होतं आणि आमचे झाडून सगळे नातेवाईक सोलापुरात नाहीतर अक्कलकोटला. अक्कलकोटला जावं तर तिथल्या बहिणीच मला विचारायच्या, ‘सोलापुरात नवीन काय आहे गं?’ मग मी सातवीत असताना मावशी मुलुंडला राहायला गेली. काकांना तिथल्या कारखान्यात नोकरी लागली होती. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. त्या दिवाळीत मला आठ दिवसांसाठी मावशीकडं पाठवलं.

मावशीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बोटीवर नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांचं घर होतं. ते नुकतेच परदेशातून आले होते आणि येताना टीव्हीला जोडायचा एक खेळ घेऊन आले होते. टीव्ही हीच गोष्ट आम्हा सोलापूरकरांनी ऐकलेली, पाहिलेली नाही. आमच्याकडं तो यायला अजून कितीतरी वर्षं होती. त्या घराच्या दारात संध्याकाळी इमारतीतली सगळी मुलं उभी असायची. मीही जाऊन उभी राहिले. पुढं दहा-बारा डोकी होती. त्या डोक्यांच्या फटीतून मला काळा पडदा दिसला, दोन्ही कडांना दोन पांढऱ्या उभ्या पट्ट्या दिसल्या आणि मधून इकडून तिकडं जाणारा एक पांढरा ठिपका दिसला. ठिपका पट्टीला लागला की टुक असा आवाज यायचा. जमिनीवर रिकामा खोका पडला होता, त्यावर इंग्रजीत व्हिडिओ गेम असं लिहिलेलं मी अक्षर जुळवून वाचलं. पुढची मुलं एकेक करून आत जाऊन खेळत होती. माझ्यापुढं तिघं उरली असताना त्या घरातल्या बाई म्हणाल्या, “आता बस हं, टीव्ही तापलाय.” त्यांनी बटण बंद केलं. पडदा विझला. दुसऱ्या दिवशी ते लोक गावाला गेले, आणि ते परत येण्याआधी मी सोलापूरला आले.

म्हणजे मी पाहिलं ते फार तर चहाचा एक कप पिऊन होईल एवढा वेळ. हात लावला नाही. उंबऱ्याच्या आतसुद्धा गेले नाही.

शाळा सुरू झाली त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी पटांगणाच्या कट्ट्यावर बसले आणि मुंबईत टीव्हीवर खेळता येतं, त्याला व्हिडिओ गेम म्हणतात, असं सांगायला लागले. पाच मिनिटांत सगळा वर्ग माझ्याभोवती होता. कुणीतरी विचारलं, “मग तू खेळलीस?”

त्या वेळी नाही म्हटलं असतं तरी काही बिघडणार नव्हतं. पाहिलं हेच पुष्कळ होतं. पण मी म्हणाले, “खेळले की. दोनदा जिंकले.”

माझ्या बाकावर माझ्या शेजारी बसणारी मुलगी शहराच्या पूर्व भागातली होती. घरी तेलुगू बोलणारे, विणकामातले लोक. वडील एका कारखान्यात मागावर चादरी विणायचे आणि आई घरी विड्या वळायची. मराठी ती शाळेत आल्यावर शिकलेली. ‘ती चेंडू’, ‘तो गाडी’ असं काहीतरी तोंडातून निघून जायचं आणि मुली हसायच्या, म्हणून वर्गात ती फारशी बोलायची नाही. मुली हसायच्या तेव्हा मीही हसायचे, तिच्याच बाकावर बसून. पण ती माझ्याशी बोलायची. गणितं तिची पटापट सुटायची आणि हाताला तर अशी कला की फाटलेलं दप्तर तिनं शिवलं तर टाका शोधून सापडायचा नाही.

माझं सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “म्हणजे धोटाच की. मागावर धोटा हिकडनं तिकडं जातो, तसंच.”

मला राग आला. माझ्या मुंबईच्या खेळाला तिनं एकदम तिच्या वडिलांच्या मागावर नेऊन बसवलं होतं. मी म्हणाले, “तसं नसतं ते. तुला नाही कळायचं.”

त्या दिवसापासून तिनं मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. पट्टी वर-खाली होते ती कशानं? चकती फिरवून का दांडी ओढून? ठिपका वरच्या काठाला लागला तर तसाच परत येतो का तिरका जातो? जोरात मारलं तर जोरात जातो का? मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सुचेल ते सांगायचे. ती भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर शिसपेन्सिलीनं काढून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी म्हणायची, “काल तू असं बोलली, मग हे असं कसं?” मग मी चिडायचे.

पंधरा दिवसांनी तिनं एक पुठ्ठ्याचा खोका आणला. चादरी भरून पाठवतात तसला, उथळ. आतून काळा कागद चिकटवलेला, वरून चादरीच्या पिशवीचं पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलेलं. दोन्ही टोकांना कांड्यांवर बसवलेल्या दोन पांढऱ्या पट्ट्या. मागाच्या कांड्या म्हणजे सूत गुंडाळायच्या लाकडी नळ्या. प्रत्येक पट्टीला दोन दोरे, बाजूच्या भोकांतून बाहेर आलेले. एक ओढला की पट्टी वर, दुसरा ओढला की खाली. पट्ट्यांच्या कडेला सायकलच्या ट्यूबचे तुकडे, म्हणजे चेंडू उसळावा. चेंडू म्हणजे पांढरा रंग दिलेला एक छर्रा. वरच्या बाजूला दोन बारक्या खिडक्या होत्या आणि त्यांच्यामागं आकडे लिहिलेल्या चकत्या, गुण दाखवायला.

“आवाज मात्र येत नाही,” ती म्हणाली. “आवाज तोंडानं काढायचा.”

तो नियम तिनं केला होता. छर्रा आपल्या पट्टीला लागला की आपण टुक म्हणायचं. विसरलं तर गुण गेला. ते इतकं गमतीचं होतं की आठवड्याभरात शेजारच्या तुकडीतल्या मुली आमच्या वर्गात यायला लागल्या. त्या खेळाचं नाव टुकटुक पडलं. पण पहिला डाव कुणाचा, तर माझा. खेळ मी आणला होता ना! ती खोका मांडायची, दोरे सरळ करायची आणि बाजूला सरून मला जागा करून द्यायची. मी बसायचे. तिला एकदाही ‘आज तू आधी’ म्हणाल्याचं मला आठवत नाही.

मग मुली मला विचारायला लागल्या, “आणखी कुठले गेम असतात गं तिकडं?”

मी एकच पाहिला होता. पण सांगायला लागले. एक असतो त्यात मांजराला रस्ता ओलांडायला लावायचं, मधून मोटारी येतात. एक असतो त्यात विहिरीत पडणारे नारळ टोपलीत झेलायचे. रात्री अंथरुणात नव्हे, सकाळी शाळेत येताना चालता चालता मी हे गेम रचायचे आणि मधल्या सुट्टीत मुंबईचे म्हणून सांगायचे. नवा व्हिडिओ गेम कुठला आला, हे आमच्या शाळेत माझ्याकडून कळायचं. आणि माझ्या शेजारची ती मुलगी मी सांगेन ते खरं धरून करून आणायची. मांजराचा गेम तिनं दोन आठवडे खपून केला. मोटारी सुताच्या पट्ट्यावर चिकटवलेल्या, पट्टा दोन रिळांवर फिरायचा.

वर्गाच्या बाईंनी ते पाहिलं आणि त्या खूष झाल्या. जानेवारीत शाळेचं विज्ञान प्रदर्शन होतं. बाई म्हणाल्या, हे मांडायचं. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं, ‘मुंबईचे व्हिडिओ गेम’, खाली दोघींची नावं. नावं लिहायला बाईंनी मला सांगितलं, माझं अक्षर बरं होतं म्हणून. मी माझं नाव वर लिहिलं.

त्याच सुमारास वर्गात एक नवी मुलगी आली. तिचे वडील रेल्वेत अधिकारी, बदलून मुंबईहून आलेले. प्रदर्शनाच्या दिवशी ती आमच्या टेबलाशी आली. तेव्हा बाई तिथंच होत्या, मुख्याध्यापिका दोन पाहुण्यांना घेऊन शेजारच्या टेबलाशी पोचल्या होत्या. नव्या मुलीनं टुकटुक बघितला आणि म्हणाली, “हा आहे, माझ्या काकांकडं आहे हा.” मग मांजराच्या खोक्याकडं बोट दाखवून म्हणाली, “हे काय आहे? असला गेम नसतोच. टीव्हीवर फक्त तो ठिपक्याचाच असतो. कुणी सांगितलं तुम्हाला हे?”

तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. तिला खरंच नवल वाटलं होतं.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. “काय गं? तूच म्हणालीस ना, मुंबईचे म्हणून?”

मुख्याध्यापिका दोन पावलांवर होत्या. आणि मी म्हणाले, “बाई, मला नाही माहीत. मी फक्त ठिपक्याचं सांगितलं होतं. बाकीचं हिनंच मनानं केलंय. मला म्हणाली, मुंबईचे म्हणून सांग.”

हे मी एका दमात बोलले. आधी ठरवलं नव्हतं, पण अडखळलेही नाही.

बाई तिच्याकडं वळल्या. “खरं का हे?”

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. गणित चुकलं की पुन्हा पहिल्या ओळीवर जाऊन कुठं चुकलं ते शोधावं, तशी बघत होती. मग म्हणाली, “व्हय बाई. मीच केले.”

“खोटं सांगून प्रदर्शनात मांडायचं? पाहुणे काय म्हणतील?” बाईंनी पुठ्ठा काढून उलटा ठेवला आणि मांजराचा खोका टेबलाखाली सरकवला. तो सरकवताना एक रीळ निसटून लांब घरंगळत गेलं. तिनं वाकून ते उचललं आणि दुपारभर हातात धरून उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून मुली तिला थापाडी म्हणायला लागल्या. मला कुणी काही म्हणालं नाही. रेल्वेवाल्यांच्या मुलीशी माझी लगेच मैत्री झाली, मी मुलुंडला जाऊन आलेली ना. मी बाक बदलून तिच्याजवळ बसायला लागले.

मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. जेवण जाईनासं झालं होतं. अव्वानं, म्हणजे आईनं, दोनदा विचारलं, अंगात कणकण आहे का म्हणून. एका रविवारी सकाळी, काही झालं तरी आज सांगायचं असं ठरवून मी तिच्या घरी गेले.

तिची गल्ली मागांच्या आवाजानं भरलेली. रविवार असूनही कुठंतरी दोन-तीन माग चालूच होते. दारातच तिची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मला पाहून तिनं सूप खाली ठेवलं आणि आत हाक मारली. मग मला म्हणाली, “तू मुंबैचं पोरगी ना? आमची पोरगी रोज सांगतंय तुझं. लई हुशार म्हणतंय.” तिनं मला पाट दिला, स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं, आणि मी नको नको म्हणत असताना शेजारून साखर आणवून चहा ठेवला.

म्हणजे घरी तिनं काहीच सांगितलं नव्हतं. माझं कौतुकच चालू होतं.

ती बाहेर आली. आम्ही पायरीवर बसलो. टुकटुकचा खोका तिनं उघडून ठेवला होता, सगळे दोरे सोडलेले. मी बोलायला तोंड उघडलं, तर तीच आधी म्हणाली, “मला एक सांग. खरं सांग. ठिपका काठाला लागला की सरळ येतो का तिरका? तू एकदा असं बोलली, एकदा तसं. मला दोरे परत बांधायचेत.”

तिला ठाऊक होतं. आज मला खात्री आहे की तिला तेव्हा सगळं ठाऊक होतं. मी खेळलेच नाही हे तिच्या वहीच्या मागच्या पानावर केव्हाच लिहिलेलं होतं, माझी उत्तरं एकमेकांशी जुळत नव्हती ना. ती माझ्याकडून एवढंच मागत होती की मी आता तिला खरं सांगावं. ‘मला माहीत नाही, मी खेळले नाही, मी दारातच उभी होते.’ चार शब्दांचं काम होतं. आई चहा गाळत होती, ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, “तिरका.”

“नक्की?”

“नक्की. मी खेळलेय ना.”

तिनं मान हलवली आणि दोरा ओवायला घेतला. चहा गोड होता, मी तो घाईघाईनं प्यायले आणि अभ्यास आहे म्हणून उठले. वाटेत मी स्वतःला समजावत होते की पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी मी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

वार्षिक परीक्षा झाली आणि ऐकलं की त्यांचं घर भिवंडीला निघालंय. तिकडं माग पुष्कळ, तिच्या काकांनी वडिलांना काम बघून ठेवलं होतं. मला ऐकून सुटल्यासारखं वाटलं. निकालाच्या दिवशी तिचे वडील शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले होते. ती आली नव्हती. कार्यालयाबाहेरच्या बाकड्यावर ते टोपी हातात घेऊन बसले होते. मी समोरून जाताना त्यांनी ओळखलं आणि उभे राहिले. माझ्यासारख्या तेरा वर्षांच्या मुलीसाठी ते उभे राहिले.

“तुमी पोरीची मैत्रीण न्हवं?” ते म्हणाले. “ती बोलली, तुमचं मावशीचं पत्ता घेऊन ये. भिवंडीपासून मुलुंड जवळ हाय म्हंतात. तिला ते टीव्हीचं खेळ एकदा बघायचंय. मी नेतो म्हटलं एका रविवारी. नुसतं दारातून बघू, तरास न्हाय देत.”

त्यांनी खिशातून चौघडी केलेला कागद आणि पेन्सिल काढून माझ्यापुढं धरली. कागदाच्या एका कोपऱ्यात तिनं आपल्या अक्षरात ‘पत्ता’ असं लिहून पुढं दोन टिंबं दिली होती.

मावशीचा पत्ता मला तोंडपाठ होता. दर महिन्याला अव्वाचं पत्र मीच लिहायचे. पण ती मावशीकडं गेली की मावशी सांगणार, आमची पोरगी तर नुसती दारात उभी होती. मग ते सगळं उलटं फिरून सोलापूरला येणार. हे मला इतक्या झटकन दिसलं की मी विचार करायलाही थांबले नाही.

“मावशी आता तिथं राहत नाही,” मी म्हणाले. “नवा पत्ता मला माहीत नाही.”

“असू द्या, असू द्या,” ते म्हणाले. कागदाची पुन्हा चौघडी केली, खिशात ठेवला. “पोरगीला सांगतो. अभ्यास करा.” आणि ते पुन्हा बाकड्यावर बसले, दाखल्याची वाट बघत.

त्यानंतर ती मला भेटली नाही. ती पुढं शिकली का, का आईसारखी विड्यांना बसली, का कुणाच्या मागावर, मला माहीत नाही. शोधायचं म्हटलं असतं तर पूर्व भागात विचारता आलं असतं, तिचे नातेवाईक तिथं होतेच. लग्न होईपर्यंत मी सोलापुरातच होते, सायकलवरून त्या गल्लीच्या तोंडावरून कितीदा तरी गेले. वळले नाही.

खूप वर्षांनी, मावशी थकली होती आणि माझ्याकडं पुण्याला राहायला आली होती, तेव्हा एका दुपारी मी तिला हे सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. मला वाटलं होतं ती हसेल, लहान होतीस म्हणेल. ती हसली नाही.

“तिसऱ्या मजल्यावरच्या बाई माझ्या चांगल्या ओळखीच्या होत्या,” ती म्हणाली. “तू सांगितलं असतंस तर तुलाच नेलं असतं मी आत. आणि ती पोरगी भिवंडीहून बापाबरोबर आली असती, तर तिला दारात उभं केलं असतं का मी? समोर बसवून खेळायला दिलं असतं. तू दारात होतीस का आत होतीस, हे मी कशाला बोलले असते गं?”

मग तिनं विचारलं, “नाव काय होतं तिचं?”

मी नाव सांगितलं. मावशीनं ते एकदा स्वतःशीच म्हटलं, तेलुगू नाव तिला नीट म्हणता येईना म्हणून पुन्हा म्हटलं. मी चहाचे कप उचलले आणि आत विसळायला गेले.